हातमोज्याने रोबोटिक हात चालवायचा असेल तर सेन्सर कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोटांच्या हालचाली टिपणारा लवचिक हातमोजा बनवायचा आणि त्यावरून पाच बोटांचा रोबोटिक हात चालवायचा. शोधनिबंधांत हजारांच्या घरात गेज फॅक्टर (ताणाच्या मानाने सिग्नल किती पटीने बदलतो तो आकडा) असलेले सेन्सर दिसतात. त्यांच्यापुढे बाजारात मिळणारे, वाकणं मोजणारे साधे बेंड सेन्सर अगदीच मंद वाटतात. मग त्या अतिसंवेदनशील सेन्सरच्या मागे लागावं, की आयएमयू (दिशा आणि हालचाल मोजणारी चिप) किंवा ईएमजीकडे (स्नायूंचे विद्युत सिग्नल मोजण्याकडे) वळावं?

माझं उत्तर आधीच सांगतो: गेज फॅक्टर बघून सेन्सर निवडू नका. बोटाच्या सांध्यावर सिग्नल भरपूर मिळतो. अडचण येते ती तेच बोट त्याच कोनात पुन्हा आणल्यावर तेच रीडिंग मिळण्यात. आणि ही पुनरावृत्ती सेन्सर कशाचा बनवलाय यापेक्षा तो हातावर कसा बसवलाय, तारा कशा काढल्यात आणि कॅलिब्रेशन (कोणतं रीडिंग म्हणजे कोणता कोन हे जुळवणं) कसं केलंय यावर जास्त अवलंबून असते. हिशेब मांडला की हे लगेच पटेल.

तर्जनीचा मधला सांधा घ्या. सांधा ज्या अक्षाभोवती वळतो तिथपासून बोटाच्या पाठीवरच्या त्वचेपर्यंतचं अंतर ८ मिमी धरू. बोट सरळ होतं ते ९० अंश, म्हणजे १.५७ रेडियन वाकलं, की पाठीकडची लांबी ८ गुणिले १.५७, म्हणजे साधारण १२.५ मिमीने वाढते. सांध्यावरून जाणारा सेन्सर ४० मिमी लांब असेल तर तो मूळ लांबीच्या ३१ टक्के ताणला जातो. ३१ टक्के स्ट्रेन हा प्रचंड आकडा आहे. पूल आणि यंत्रांवर चिकटवतात ते धातूच्या फॉइलचे गेज दोन-चार टक्क्यांतच निकामी होतात, त्यामुळे ते इथे बाद. पण ताणता येणारा अगदी साधा कपॅसिटिव्ह सेन्सर (विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, मोजणारा), ज्याचा आदर्श गेज फॅक्टर फक्त १ असतो, तोही इथे पुरून उरतो. मूळ कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड असेल तर ९० अंशांना तो १३१ होतो. म्हणजे अंशामागे सुमारे ०.३५ पिकोफॅरड. फेम्टोफॅरडमधले (पिकोफॅरडच्या हजाराव्या भागातले) फरक मोजणाऱ्या तयार चिप सहज मिळतात, त्यांच्या दृष्टीने हा फरक मोठाच आहे.

साध्या रोधक बेंड सेन्सरचंही तेच. सपाट असताना २५ किलोओहम आणि ९० अंशांना ५० किलोओहम रोध आहे असं धरा. त्याला ३५ किलोओहमचा रोधक जोडून व्होल्टेज डिव्हायडर (रोधातला बदल व्होल्टेजमध्ये दाखवणारी जोडणी) केला आणि ३.३ व्होल्ट दिले, तर सरळ बोट आणि वाकलेलं बोट यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडतो. १२ बिटच्या एडीसीवर (व्होल्टेजचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपवर) ते ७०० काउंट होतात, म्हणजे एका अंशाला सात-आठ काउंट. कमी संवेदनशीलतेची तक्रार करायला इथे जागाच नाही.

आता दुसरी बाजू बघा. हातमोजा घातलेल्या माणसाने चार वेळा मूठ वळली आणि कापड बोटावरून फक्त २ मिमी सरकलं. १२.५ मिमी म्हणजे ९० अंश, तर २ मिमी म्हणजे १४ अंशांहून जास्त. गेज फॅक्टर १ असो वा २०००, ही चूक तेवढीच राहते, कारण सेन्सर जे मोजतोय ते बरोबरच मोजतोय. त्याच्याखालचं बोट मात्र आता दुसरीकडे आहे. रोबोटच्या बोटाचा चौदा अंशांचा फरक म्हणजे चिमटीत पकडलेली वस्तू आणि हवेत मिटलेली चिमूट यांतला फरक.

२०१४ साली सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कोळ्याच्या पायातल्या सूक्ष्म फटींवरून कल्पना घेऊन भेगांवर आधारलेला सेन्सर ‘नेचर’मध्ये मांडला. गेज फॅक्टर २,००० च्या वर. काम खरोखर सुंदर आहे. पण तो गेज फॅक्टर होता ० ते २ टक्के स्ट्रेनच्या टप्प्यात. नाडीचे ठोके, स्वरयंत्राची कंपनं, त्वचेची बारीक थरथर यांसाठी तो टप्पा योग्यच आहे. बोटाच्या सांध्यावरच्या ३१ टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. शोधनिबंध वाचताना गेज फॅक्टरच्या शेजारी तो किती टक्के स्ट्रेनपर्यंतचा आहे हा आकडा शोधा, आणि मग ताणताना व सोडताना काढलेले दोन आलेख एकमेकांवर बसतात का ते बघा. यांतलं दुसरं चित्र दिलेलंच नसेल तर तो सेन्सर रोबोट चालवण्यासाठी विचारात घेऊ नका.

पदार्थांबद्दल आता सांगतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

रबर किंवा सिलिकोनमध्ये कार्बन ब्लॅक, कार्बन नॅनोट्यूब किंवा चांदीच्या नॅनोतारा मिसळून केलेले रोधक सेन्सर बनवायला सर्वांत सोपे, म्हणून बहुतेक विद्यार्थी तिथून सुरुवात करतात. ताणलं की कणांचे एकमेकांना लागलेले मार्ग तुटतात आणि रोध वाढतो. सोडल्यावर ते मार्ग लगेच पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे बोट वाकताना ४५ अंशांना येणारं रीडिंग आणि सरळ होताना ४५ अंशांना येणारं रीडिंग वेगळं असतं. हाच हिस्टेरेसिस. शिवाय बोट वाकवून धरून ठेवलं तरी रीडिंग हळूहळू सरकत राहतं. नव्या रबराची आणखी एक खोड आहे, मलिन्स परिणाम. नवीन इलॅस्टिक पहिल्या काही वापरांत सैल पडतं तसं हे मिश्रणही पहिल्या काही ताणांत कायमचं बदलतं. म्हणून असा सेन्सर हातमोज्यावर लावण्याआधी वापरात येईल त्याहून थोड्या जास्त ताणापर्यंत काही शे वेळा ताणून मुरवावा लागतो. हे न करता काढलेलं कॅलिब्रेशन दुसऱ्याच दिवशी चुकतं.

कपॅसिटिव्ह सेन्सर माझ्या सर्वांत आवडीचा. दोन ताणता येणारे वाहक थर आणि मध्ये सिलिकोनचा पातळ थर. ताणलं की लांबी वाढते, रुंदी आणि जाडी दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात, आणि हिशेब केला तर कपॅसिटन्स लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो. वाहक थराचा रोध इकडेतिकडे झाला तरी, तो एका मर्यादेत आहे तोवर, कपॅसिटन्सवर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे ज्या कार्बनच्या हिस्टेरेसिसने रोधक सेन्सर बिघडतो, तोच कार्बन इथे नुसता इलेक्ट्रोड म्हणून निमूट काम करतो. याचा शत्रू वेगळा: हात, घाम, टेबल, जवळ आलेली दुसरी बोटं, सगळ्यांचाच कपॅसिटन्स त्यात मिसळतो. त्यावर उपाय म्हणजे तीन थरांची रचना, मधला थर सिग्नलचा आणि वरखालचे दोन्ही ग्राउंडला जोडलेले. हे शील्डिंग टाळून जागा वाचवायला जाऊ नका. तारसुद्धा शील्ड केलेली हवी, नाहीतर तार हलली की बोट हललं असं रोबोटला वाटतं.

गॅलियम आणि इंडियमचा द्रव मिश्रधातू सिलिकोनच्या बारीक नळीत भरून केलेला सेन्सर हिस्टेरेसिसच्या बाबतीत फार चांगला, कारण द्रवाला तुटण्याचा प्रश्नच नाही. सुमारे ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियम, वितळणबिंदू साधारण १५-१६ अंश सेल्सियस. पण २०० बाय २०० मायक्रोमीटरची, १० सेंटीमीटर लांबीची नळी भरली तर तिचा रोध एक ओहमही भरत नाही, पाऊण ओहमच्या आसपास येतो. एवढा कमी रोध साध्या डिव्हायडरने मोजला तर जोडणीच्या तारांचा आणि टोकांचा रोधच जास्त भरतो. चार तारांची मोजणी करा (दोन तारांनी करंट द्या, दुसऱ्या दोन तारांनी व्होल्टेज मोजा), किंवा नळी नागमोडी करून लांबी वाढवा. आणखी एक काळजी: गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो. रोबोटचे बरेच सांगाडे ॲल्युमिनियमचे असतात, तेव्हा गळणारा सेन्सर घालून रोबोटला हात लावू नका.

पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या फिल्मवर लेझर फिरवून तिथल्या तिथे ग्राफिन (कार्बनचा वाहक प्रकार) तयार करण्याची पद्धत २०१४ साली राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने दाखवली. पटकन नमुने काढायला ती उत्तम. मात्र पॉलिइमाइड वाकतं, ताणलं जात नाही. सांध्यावर लावायचं तर ते ग्राफिन सिलिकोनवर उतरवून घ्यावं लागतं. विणलेल्या वाहक धाग्यांचे सेन्सर अंगाला सर्वांत सुखद, पण धुतल्यावर आणि घामाने बदलतात. कोपर, गुडघा, खांदा यांसाठी मी ते वापरेन, बोटांसाठी नाही.

साधे बेंड सेन्सर जुने आहेत म्हणून कमी लेखू नका. १९७७ मधल्या सेअर ग्लोव्हमध्ये लवचिक नळ्यांच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेल होता. १९८७ च्या डेटाग्लोव्हमध्ये ऑप्टिकल फायबर आले. १९८९ मध्ये खेळांसाठी आलेल्या पॉवर ग्लोव्हमध्ये वाहक शाईच्या पट्ट्या होत्या आणि करंगळी सोडून प्रत्येक बोटाच्या वाट्याला दोनच बिट, म्हणजे चारच स्थिती ओळखता यायच्या. शाईची पट्टी ताणली जात नाही, नुसती वाकते. म्हणून ती दोन्ही टोकांना शिवून टाकली तर बोट वाकताना ती एकतर हातमोजा ओढते किंवा सुरकुततं तिथे मोडते. योग्य पद्धत अशी की मनगटाकडचं टोक पक्कं शिवायचं आणि बोटाच्या टोकाकडे पट्टी कापडाच्या खिशात मोकळी सरकू द्यायची. एवढा एक बदल केला तरी हातमोज्याचं वागणं ओळखू न येण्याइतकं सुधारतं.

बसवण्याबद्दल बोलतोच आहोत तर सर्वांत जास्त मोडतोड कुठे होते ते सांगतो: मऊ सेन्सर जिथे कडक तारेला किंवा सर्किटला भेटतो त्या एका मिलिमीटरात. सगळा ताण तिथे साचतो. सेन्सरचं टोक हळूहळू जाड आणि कमी ताणलं जाईल असं करा, म्हणजे आधी कापडाचा तुकडा सिलिकोनमध्ये बुडवून, मग त्यावर लवचिक सर्किटची पट्टी. जोड सांध्यावर येऊ देऊ नका, दोन सांध्यांमधल्या हाडावर आणा, तिथे त्वचा कमी ताणली जाते. तारा नागमोडी टाका. सिलिकोनला सिलिकोनच नीट चिकटतं, इतर गोंद काही दिवसांनी पापुद्र्यासारखे निघतात. आणि प्लॅटिनम उत्प्रेरकाचं सिलिकोन ओतताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. लॅटेक्समधल्या गंधकामुळे उत्प्रेरक निकामी होतो आणि तो भाग कायमचा चिकट राहतो. नायट्राइलचे घाला.

अंगठा हा स्वतंत्र विषय आहे, आणि बहुतेक हातमोजे इथेच कमी पडतात. बाकीच्या चार बोटांचं तसं सोपं आहे. टोकाचा सांधा मधल्या सांध्याच्या साधारण दोनतृतीयांश वाकतो असं धरून चालतं, त्यामुळे बोटामागे दोन सेन्सर पुरतात, एक मुळाशी आणि एक मध्ये. अंगठ्याच्या मुळाचा सांधा खोगिराच्या आकाराचा. तो दोन दिशांनी फिरतो, फिरताना थोडा पिळतोही, आणि त्याच्यावरची त्वचा व स्नायूंचा उंचवटा या सगळ्यात सरकत असतो. तिथे एक सेन्सर एका हालचालीसाठी आणि दुसरा दुसऱ्या हालचालीसाठी अशी वाटणी करताच येत नाही. अंगठा नुसता आत आणला तरी दोन्ही सेन्सर हलतात. म्हणून मी तिथे तीन किंवा चार सेन्सर तिरके लावतो आणि त्यांच्या एकत्रित रीडिंगवरून कोन काढतो. कॅलिब्रेशनमध्ये अंगठ्याचं टोक प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायला सांगतो. त्या क्षणी दोन टोकांमधलं अंतर शून्य आहे हे आपल्याला नक्की माहीत असतं, आणि अशी नक्की माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. सेन्सरची संख्या मर्यादित असेल तर करंगळीचे काढून अंगठ्याला द्या.

सेन्सर किती लावायचे हे ठरवताना एक जुनं संशोधन उपयोगी पडतं. १९९८ मध्ये सँटेलो, फ्लँडर्स आणि सोख्टिंग यांनी लोकांना ५७ वस्तू हातात धरल्याची कल्पना करून हाताची ठेवण करायला लावली आणि १५ सांध्यांचे कोन मोजले. त्या सगळ्या वैविध्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग फक्त दोन मुख्य घटकांत (म्हणजे सांधे एकत्र हलण्याच्या दोन ठरावीक पद्धतींत) सामावला. वस्तू उचल-ठेव एवढंच काम असेल तर सहा-सात चांगले सेन्सर वीस कामचलाऊ सेन्सरपेक्षा रोबोटला अधिक नीट चालवतात. पेन फिरवणं, नट घट्ट करणं अशी कामं मात्र उरलेल्या २० टक्क्यांत असतात, आणि तिथे प्रत्येक सांधा मोजावाच लागतो.

आयएमयू आणि ईएमजीबद्दल. मनगट, कोपर, खांदा यांची दिशा कळायला आयएमयूला पर्याय नाही, ताणाच्या सेन्सरने खांदा मोजायचा प्रयत्न करू नका. आयएमयूमधल्या जायरोस्कोपचं (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाचं) रीडिंग हळूहळू सरकतं आणि त्याला दिशेवर आणायला मॅग्नेटोमीटर (होकायंत्रासारखा भाग) लागतो. पण रोबोटच्या मोटर आणि पोलादी सांगाड्याजवळ चुंबकीय क्षेत्रच वाकडं असतं. म्हणून रोबोटपाशी उभं राहून काम करायचं असेल तर मॅग्नेटोमीटर बंद ठेवा आणि वापरणाऱ्याला अधूनमधून ठरलेल्या स्थितीत हात आणून शून्य करायला लावा.

ईएमजीचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. स्नायूचा विद्युत सिग्नल प्रत्यक्ष हालचालीच्या काही डझन मिलिसेकंद आधी येतो, आणि बोट हललं नाही तरी जोर किती लावलाय ते कळतं. वस्तू किती घट्ट धरायची हे कोन मोजणारा हातमोजा सांगूच शकत नाही, ईएमजी सांगतो. हात गमावलेल्या माणसाला तर सांधाच नसतो, स्नायू असतात. मात्र त्वचेवरच्या ईएमजीचा उपयुक्त भाग २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे सेकंदाला किमान १,००० नमुने घ्या. आठ इलेक्ट्रोडचा मायो पट्टा २०० हर्ट्झने मोजायचा. ढोबळ हावभाव त्यातून ओळखता यायचे, पण सिग्नलचा बराचसा भाग हातातून निसटायचा. तो २०१८ मध्ये बंद झाला. आता मनगटावरच्या पट्ट्यांनी हे तंत्र पुन्हा पुढे आलंय, मोठ्या प्रमाणावर लोकांकडून डेटा घेऊन शिकवलेल्या मॉडेलमुळे. तुमच्या कामासाठी मी बोटांना ताणाचे सेन्सर, हाताच्या पाठीवर आणि दंडावर आयएमयू, आणि पकड किती घट्ट करायची एवढ्यापुरते अग्रबाहूवर दोन ईएमजी चॅनेल, असा मेळ घालेन.

सिग्नल हाती आला की फिल्टर लावण्याची घाई होते. इथे एक हिशेब ध्यानात ठेवा. १०० हर्ट्झने नमुने घेताय आणि रीडिंग थरथरतंय म्हणून शेवटच्या २० नमुन्यांची सरासरी काढली, तर सिग्नल जवळजवळ ९५ मिलिसेकंद मागे पडतो. त्यात वायरलेसचे आणि रोबोटच्या स्वतःच्या कंट्रोलरचे मिळून आणखी काही डझन मिलिसेकंद जातात. माणसाला हा उशीर लगेच जाणवतो आणि तो नकळत थोडं हलवायचं, थांबून बघायचं, पुन्हा थोडं हलवायचं असं करायला लागतो. शेरिडन आणि फेरेल यांनी १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये उशिराचे परिणाम तपासताना हेच वर्तन नोंदवलं होतं. त्याऐवजी वेगाप्रमाणे स्वतःला बदलणारा फिल्टर वापरा. २०१२ साली मांडलेला वन यूरो फिल्टर अगदी मोजक्या ओळींत लिहिता येतो. बोट स्थिर असेल तेव्हा तो जोरात गाळतो आणि बोट वेगाने हललं की मोकळं सोडतो. आधी बोट स्थिर धरून थरथर जाईपर्यंत एक आकडा जुळवायचा, मग बोट वेगाने हलवून मागे पडणं थांबेपर्यंत दुसरा. या क्रमाने केलं की दहा मिनिटांत जमतं.

मशीन लर्निंगबद्दल एकच सांगतो, पण कळकळीने सांगतो. सेन्सरवरून कोन काढायला न्यूरल नेटवर्क शिकवलं तर चाचणीसाठी डेटा कसा वेगळा काढला यावर सगळं अवलंबून आहे. एकाच बैठकीत घेतलेल्या रेकॉर्डिंगचे तुकडे करून त्यातले काही चाचणीला ठेवले, तर अचूकता नेहमीच उत्कृष्ट दिसते, कारण शेजारचेच तुकडे मॉडेलने आधी पाहिलेले असतात. हातमोजा पूर्ण काढा, थोड्या वेळाने पुन्हा घाला, आणि त्या नव्या बैठकीचा डेटा चाचणीला वापरा. मग दुसऱ्या माणसाचा हात घ्या. या दोन चाचण्यांत जो आकडा येतो तोच खरा. बऱ्याचदा सरळ रेषेचं साधं समीकरण आणि दर वेळी अर्ध्या मिनिटाचं कॅलिब्रेशन हे मोठ्या मॉडेलपेक्षा बरं निघतं. सरळ हात, मूठ, आणि अंगठा चारही बोटांना लावणं एवढं त्या अर्ध्या मिनिटात बसतं.

कोन मिळाले म्हणजे रोबोट चालला असं होत नाही. माणसाचा हात आणि रोबोटचा हात यांची लांबी, सांध्यांच्या जागा, कधीकधी बोटांची संख्याही वेगळी असते. शॅडो कंपनीच्या रोबोटिक हातात २४ सांधे असतात आणि त्यांतले २० स्वतंत्रपणे चालतात. अलेग्रो या दुसऱ्या रोबोटिक हाताला चारच बोटं आणि १६ मोटर. सांध्याचा कोन थेट सांध्याला दिला तर मूठ छान वळते, पण चिमूट जुळत नाही, अंगठा आणि तर्जनी एकमेकांच्या बाजूने निघून जातात. बोटांच्या टोकांच्या जागा जुळवल्या तर चिमूट जुळते, पण मूठ विचित्र दिसते. म्हणून दोन्हींचं मिश्रण करावं लागतं. टोकं एकमेकांपासून लांब असतील तेव्हा सांध्यांचं ऐका, आणि अंगठा-बोट जवळ यायला लागले की टोकांमधलं अंतर जुळवण्याला जास्त वजन द्या. २०१९ मध्ये एनव्हिडियाच्या संशोधकांनी कॅमेऱ्यांवरून अलेग्रो हात चालवणाऱ्या डेक्सपायलटमध्ये साधारण हेच तत्त्व वापरलं: माणसाची चिमूट एका मर्यादेपेक्षा जवळ आली की रोबोटची बोटंही एकमेकांना भेटलीच पाहिजेत. हातमोज्यालाही ते तंतोतंत लागू पडतं, आणि सेन्सरची पाच-सात अंशांची चूकही त्यात झाकली जाते. नवा सेन्सर बनवण्यात महिने घालवण्याआधी हा भाग नीट करा.

सुरक्षेचा विचार सेन्सर बिघडेल असं गृहीत धरूनच करायचा. रोधक सेन्सरची तार तुटली की रोध अनंत होतो, आणि तुमचा प्रोग्रॅम त्याचा अर्थ बोट पूर्ण वाकलं असा घेतो. रोबोट पूर्ण ताकदीने मूठ आवळतो. त्या मुठीत काय असेल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक चॅनेलला शक्य असलेल्या रीडिंगची खालची आणि वरची मर्यादा ठेवा, आणि माणसाचं बोट ज्या वेगाने हलूच शकत नाही तसा बदल दिसला तर तो चॅनेल लगेच अवैध ठरवा. अवैध झाला की रोबोटने आहे तिथे थांबायचं. मूळ स्थितीत परत जाणं हीसुद्धा हालचालच आहे. वायरलेस डेटा १०० मिलिसेकंद आला नाही तरी हेच. जोर आणि वेग यांच्या मर्यादा रोबोटच्या कंट्रोलरमध्येच बसवा, हातमोज्याच्या प्रोग्रॅमवर सोडू नका. माणसांजवळ चालणाऱ्या रोबोटसाठी आयएसओ १०२१८ आणि २०१६ चं आयएसओ टीएस १५०६६ हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांचे दस्तऐवज बघा. मोठा रोबोट असेल तर दुसऱ्या हातात तीन स्थितींचा एनेबल स्विच द्या. तो सोडला तरी रोबोट थांबतो आणि घाबरून घट्ट आवळला तरी थांबतो. याच स्विचचा क्लचसारखा उपयोगही होतो: हात अवघडला की सोडा, हात आरामात आणा, पुन्हा दाबा, आणि रोबोट तिथूनच पुढे चालू करतो.

स्पर्शाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण काम पुढे गेलं की तो प्रश्न येणारच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ हाताळायला जे यांत्रिक हात बनवले, त्यांत दोन्ही बाजू दांडे आणि तारांनी जोडलेल्या असल्यामुळे चालवणाऱ्याला समोरचा जोर आपोआप जाणवायचा. आपल्या हातमोज्यात तो जाणवत नाही. डोळ्यांनी बघून अंदाज करावा लागतो. बोटाच्या टोकाशी एक छोटी कंपन मोटर लावून रोबोटच्या बोटाला स्पर्श झाला एवढंच कळवलं तरी पकड बरीच सुधारते. रोबोटला उदाहरणांवरून शिकवायचा विचार असेल तर हातमोज्याच्या तळव्याकडे दाबाचे सेन्सरही लावा. एमआयटीने २०१९ मध्ये ५४८ दाब-सेन्सर असलेल्या विणलेल्या हातमोज्याने २६ वस्तूंच्या हाताळणीची नोंद घेतली आणि नुसत्या दाबाच्या नकाशावरून वस्तू ओळखून दाखवली. बोटांचे कोन हात कसा आहे ते सांगतात, दाब सांगतो वस्तूचं काय चाललंय. शिकणाऱ्या रोबोटला दोन्ही लागतात.

सुरुवात एका बोटापासून करा. लाकडाचं किंवा थ्रीडी प्रिंट केलेलं, बिजागरी असलेलं बोट बनवा, त्याला सर्व्हो मोटर आणि कोन मोजणारा एन्कोडर लावा, आणि त्यावर सेन्सर बसवून हजारभर वेळा वाकवा. वाकताना व सरळ होताना ४५ अंशांना येणाऱ्या रीडिंगमधला फरक, आणि पहिल्या व हजाराव्या फेरीतला फरक, हे दोन आकडे लिहून काढा. दोन्ही पाच अंशांच्या आत बसले तर तो सेन्सर घ्या, मग तो कशाचाही बनलेला असो. त्यानंतर तोच सेन्सर स्वतःच्या बोटावर, हातमोजा पाच वेळा काढून घालून तपासा. मग अंगठा. रोबोट जोडण्याआधी हे सगळं सिम्युलेटरमधल्या हातावर अर्धा तास सलग चालवून बघा. हाताला घाम सुटल्यावर रीडिंग किती सरकतं ते तेव्हाच कळेल, आणि मध्येच पुन्हा कॅलिब्रेट करण्यासाठी बटण कुठे हवं हेही.